मेथवरचं औषध तपासतात कसं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मेथॲम्फेटामाइन, म्हणजे मेथ, या नशेच्या उत्तेजक द्रव्याविषयी लिहिताना 'या व्यसनावर अजून एकही मान्यताप्राप्त औषध नाही' असं एक वाक्य आलं होतं. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. काही घरच्यांची आहेत, काही या क्षेत्रात काम करणाऱ्यांची. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नावं अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ तीन वर्षं क्रिस्टल मेथ ओढतो आहे. दारू सोडवायला गोळ्या आहेत, हेरॉइनला आहेत. मग यालाच का नाहीत? कुणी शोधतच नाही का?

शोधतात, ताई. गेली वीस-पंचवीस वर्षं नेटाने शोधतात. अडचण मेथ ज्या पद्धतीने काम करतं तिच्यात आहे.

हेरॉइन मेंदूतल्या ठरावीक रिसेप्टरला जाऊन चिकटतं. त्याच जागी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन बसवलं की तलफ आणि अंगदुखी दोन्ही आवरतात. नाल्ट्रेक्सोन बसवलं तर जागाच अडून राहते. मेथचा मार्ग वेगळा आहे. डोपामाइन हे मेंदूतल्या पेशींमधलं निरोप्या रसायन. वापरलेलं डोपामाइन परत आत ओढून घेणारा जो पंप पेशीच्या टोकाशी असतो, त्यातूनच मेथ आत शिरतं, आतल्या पिशव्यांमधलं डोपामाइन सांडवतं आणि मग तो पंप उलटा फिरवून सगळं बाहेर ओततं. नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचंही तेच करतं. अडवायला एक दार नाही. आणि डोपामाइनचा व्यवहारच थांबवावा, तर हालचाल, उत्साह, भूक, सगळं त्याच्यावरच चालतं.

सर्ट्रालिन, टोपिरामेट, मोडाफिनिल, ॲरिपिप्राझोल, ओन्डानसेट्रॉन ही सगळी औषधं तपासून झाली आणि मुख्य कसोटीवर उतरली नाहीत. सर्ट्रालिन घेणाऱ्यांची स्थिती तर प्लासिबोवाल्यांपेक्षा वाईट निघाली. प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, पण हुबेहूब तशीच दिसणारी गोळी. एन-ॲसिटिलसिस्टीनकडून बऱ्याच आशा होत्या. ऑस्ट्रेलियात १५३ जणांवर, रोज २४०० मिलिग्रॅम, १२ आठवडे अशी चाचणी झाली. तिचा निकाल २०२१ मध्ये आला : काही फरक नाही. अशा निकालाने वाईट वाटतं, पण तो जाहीर होणं फार गरजेचं असतं. नाहीतर हीच गोळी लोक वर्षानुवर्षं आशेने घेत राहतात.

भावासाठी आज काय करता येईल? व्यसनोपचार केंद्रात गेल्यावर 'कंटिंजन्सी मॅनेजमेंट' करता का, हे विचारा. आठवड्यातून दोन-तीनदा लघवी तपासायची, मेथ नसेल तर तिथल्या तिथे छोटं बक्षीस द्यायचं, सलग स्वच्छ नमुने आले तर बक्षीस वाढवत न्यायचं आणि एक चुकला की पहिल्या पायरीवर आणायचं, अशी ही पद्धत आहे. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण मेथच्या बाबतीत आजवर सगळ्यात भक्कम पुरावा याच पद्धतीच्या बाजूने आहे.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी आहे. नाल्ट्रेक्सोन आणि बुप्रोपियन एकत्र दिल्यावर १३.६ टक्के लोकांना गुण आला, असं वाचलं. याला यश म्हणायचं? उरलेल्या ८६ टक्क्यांचं काय?

तुम्ही वाचलं ती चाचणी अमेरिकेत आठ केंद्रांवर २०१७ ते २०१९ या काळात झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १८ ते ६५ वयाचे ४०३ जण तिच्यात होते. आधीच्या ३० दिवसांपैकी किमान १८ दिवस मेथ घेतलेलं असावं, ही प्रवेशाची अट होती. म्हणजे व्यसन चांगलंच मुरलेली माणसं. त्यांना नाल्ट्रेक्सोनचं ३८० मिलिग्रॅमचं दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी आणि बुप्रोपियन या नैराश्यावरच्या औषधाची सावकाश विरघळणारी गोळी रोज ४५० मिलिग्रॅम दिली. हे इंजेक्शन एरवी चार आठवड्यांनी देतात. शेवटच्या आठवड्यात औषधाची पातळी खाली जाऊ नये म्हणून इथे तीन आठवड्यांचं अंतर ठेवलं.

आता १३.६ हा आकडा आला कुठून ते पाहू, कारण हा साध्या भागाकाराचा आकडा नाही. चाचणी सहा-सहा आठवड्यांच्या दोन टप्प्यांत होती. पहिल्या टप्प्यात १०९ जणांना औषध दिलं आणि २९४ जणांना प्लासिबो. वाटणी मुद्दामच विषम ठेवली होती. प्लासिबोवर ज्यांना गुण आला नाही त्यांच्यातल्या २२५ जणांची दुसऱ्या टप्प्यात पुन्हा चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली : ११४ औषधावर, १११ प्लासिबोवर. व्यसनाच्या चाचण्यांत नुसतं दर आठवड्याला येण्याने, कुणी आपुलकीने विचारपूस करण्याने काही जण सुधारतात. ती माणसं पहिल्याच टप्प्यात गाळली गेली की दुसऱ्या टप्प्यात औषधाचा खरा परिणाम जास्त स्पष्ट दिसतो. शिवाय कमी माणसांत काम भागतं.

निकाल असे : पहिल्या टप्प्यात औषधावर १०९ पैकी १८ (१६.५ टक्के), प्लासिबोवर २९४ पैकी १० (३.४ टक्के). दुसऱ्यात ११४ पैकी १३ (११.४ टक्के), आणि १११ पैकी २ (१.८ टक्के). दोन्ही टप्प्यांना आधी ठरवलेलं वजन देऊन सरासरी काढली तेव्हा १३.६ विरुद्ध २.५ टक्के आले. फरक ११.१ टक्क्यांचा. याचा व्यवहारातला अर्थ असा, की नऊ जणांवर हा उपचार केला तर प्लासिबोच्या मानाने एक माणूस जास्तीचा सुधारतो. नैराश्यावरच्या आणि दारूवरच्या काही रुळलेल्या औषधांचं गणितही याच्या आसपासच येतं. म्हणून याला यश म्हणायला आमची हरकत नाही, पण छोटं यश म्हणा.

पण 'गुण आला' म्हणजे नेमकं काय, हे पाहिल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही. इथे व्याख्या होती : टप्प्याच्या शेवटी घेतलेल्या चार नमुन्यांपैकी किमान तीन मेथमुक्त. आठवड्याला दोन नमुने, म्हणजे साधारण शेवटचे दोन आठवडे. एखादा माणूस रोज घ्यायचा आणि आता आठवड्यातून एकदाच घेतो, तरी या व्याख्येत तो बहुधा नापासच. तुम्ही ज्या ८६ टक्क्यांबद्दल विचारता त्यांच्यात अशी माणसंही असू शकतात. उलट बाजूने, जे पास झाले ते सहा महिन्यांनी कुठे असतील, हे बारा आठवड्यांची चाचणी सांगू शकत नाही.

या व्याख्येवरून बरीच वर्षं वाद आहे. पूर्ण सोडलं तरच औषध लागू पडलं म्हणायचं, की वापर घटला तरी चालेल? एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २०२३ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावरील औषधांसाठी मार्गदर्शक मसुदा काढला. पूर्ण सुटका हाच एकमेव निकष नसून वापरात झालेली अर्थपूर्ण घटही धरता येईल, अशी वाट त्यात ठेवली आहे. आमच्या मते हे योग्यच आहे. महिन्यातले २५ दिवस घेणारा माणूस ८ दिवसांवर आला तर त्याच्या हृदयाला, झोपेला आणि घराला ते लगेच कळतं.

प्रश्न : मी समुपदेशक आहे. आमच्याकडे लघवीच्या पट्टीवरच सगळी भिस्त असते. चाचण्यांमध्येही तीच पट्टी वापरतात का? फसवणूक कशी पकडतात? आणि आठवड्यातून दोनदाच का?

तुमचा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण अख्ख्या चाचणीचा निकाल त्या एका कपावर उभा असतो.

आधी दोनदाचं कारण. मेथ रक्तात निम्मं व्हायला साधारण १० ते १२ तास घेतं आणि लघवीत दोन ते चार दिवस सापडतं. रोज भरपूर घेणाऱ्यात त्याहून थोडं जास्तही. शनिवारी रात्री घेतलं तर सोमवारचा नमुना पॉझिटिव्ह येणार, गुरुवारचा बहुधा निगेटिव्ह. आठवड्यातून एकदाच तपासलं तर बराचसा वापर निसटतो. रोज तपासलं तर एकदाच घेतलेलं तीन-तीनदा मोजलं जातं, आणि माणूस चौथ्या दिवशी यायचंच बंद करतो. दोन किंवा तीन वेळा हा मधला मार्ग. दोन नमुन्यांत तीन दिवसांचं अंतर ठेवा, सोमवार-मंगळवार अशी जोडी लावू नका.

पट्टी ही पहिली चाळण आहे. मेथच्या पट्ट्यांवर ५०० किंवा १००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी मर्यादा छापलेली असते. तुमच्याकडची कोणती ते आधी पाहा. ५०० ची पट्टी ज्याला पॉझिटिव्ह म्हणेल त्याला १००० ची सोडून देईल, आणि मध्येच पट्टी बदलली तर रुग्ण सुधारला की पुरवठादार बदलला, ते कळणार नाही. एका चाचणीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पट्टी, जमलं तर एकाच लॉटची, वापरायची. पट्टी वाचायची ती डब्यावर लिहिलेल्या वेळेतच. अर्ध्या तासाने दिसलेली फिकट रेघ ग्राह्य धरू नका. आणि वेळेत दिसलेली रेघ कितीही फिकट असली तरी ती निगेटिव्हच असते. इथे बरेच जण चुकतात, कारण गर्भचाचणीच्या पट्टीची सवय असते आणि या पट्टीचं वाचन त्याच्या उलट असतं.

दुसरी चाळण वस्तुमान वर्णपटमापनाची, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीची. तिथे मेथॲम्फेटामाइन २५० नॅनोग्रॅमच्या वर आणि सोबत त्याचा चयापचयातून बनणारा ॲम्फेटामाइन किमान १०० नॅनोग्रॅम, असं दोन्ही सापडलं तर पॉझिटिव्ह, अशी रुळलेली पद्धत आहे. ही पायरी का टाळता येत नाही ते बुप्रोपियनच्या चाचणीत फार स्पष्ट दिसतं. बुप्रोपियन स्वतःच ॲम्फेटामाइनच्या काही प्रतिपिंड-आधारित तपासण्यांना चकवतं आणि खोटा पॉझिटिव्ह देतं. म्हणजे औषध इमानाने घेणारा माणूसच पट्टीवर दोषी ठरेल आणि प्लासिबो घेणारा सुटेल! नाक मोकळं करणारं स्युडोएफेड्रिनही असाच घोळ घालू शकतं. पार्किन्सनवरचं सेलेजिलिन तर शरीरात खरोखरच मेथॲम्फेटामाइनमध्ये बदलतं, फक्त त्याच्या डाव्या वळणाच्या रूपात. तेव्हा रुग्ण काय-काय औषधं घेतो याची यादी दर भेटीत विचारून लिहा. 'मागच्या वेळेप्रमाणेच' असं लिहून मोकळं होऊ नका.

आता फसवणूक. कपाच्या बाहेर तापमानाची पट्टी असते. लघवी दिल्यापासून चार मिनिटांच्या आत ती ३२ ते ३८ अंश सेल्सियसमध्ये दिसली पाहिजे. खिशातल्या बाटलीतून आणलेला नमुना बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो, पण चार मिनिटं टळल्यावर पाहिलंत तर खरा नमुनाही थंड दिसेल आणि तुम्ही उगाच भांडाल. संडासाच्या टाकीत निळा रंग टाकलेला असावा आणि आतला नळ बंद, म्हणजे पाणी मिसळायची सोय राहत नाही. भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ केली असेल तर क्रिएटिनिन डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली येतं आणि विशिष्ट गुरुत्व १.००३ च्या खाली. असा नमुना पॉझिटिव्ह नाही आणि निगेटिव्हही नाही, तो 'पातळ' म्हणून नोंदवायचा आणि शक्य तर त्याच दिवशी पुन्हा घ्यायचा. लघवीची आम्लताही पाहतात, कारण आम्लधर्मी लघवीतून मेथ लवकर निघून जातं, अल्कधर्मी असेल तर रेंगाळतं. एकाच वेळी सारखंच घेतलेल्या दोघांचे नमुने त्यामुळे वेगळे येऊ शकतात.

आणि हे सगळं करताना समोरच्याला चोर समजू नका. ज्या केंद्रात नमुना पॉझिटिव्ह आला की बोलणी बसतात, तिथले लोक नमुने द्यायला येतच नाहीत. त्याची किंमत काय, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : एका चाचणीच्या माहिती-संकलनाचं काम करते. न आलेला नमुना आम्ही पॉझिटिव्ह धरतो. हा रुग्णावर अन्याय नाही का? बस चुकली म्हणून कुणी आलं नाही तर?

अन्याय आहे, पण बहुतेक वेळा दुसरे पर्याय त्याहून वाईट. सुटलेला नमुना सोडूनच दिला तर जो मेथ घेतो तो फक्त न येऊन स्वतःला स्वच्छ ठरवू शकतो. म्हणून हा नियम.

मात्र हा नियम निष्पक्ष आहे असं समजू नका. कागदावर मांडून बघा, आकडे समजण्यापुरते घेतलेत. दोन्ही गटांत १००-१०० माणसं. औषधाने मळमळ होते म्हणून त्या गटातले ३० जण आले नाहीत. आलेल्या ७० पैकी २१ स्वच्छ. प्लासिबो गटातले १५ आले नाहीत. आलेल्या ८५ पैकी १७ स्वच्छ. आलेल्यांपुरतं पाहिलं तर ३० टक्के विरुद्ध २० टक्के. न आलेले पॉझिटिव्ह धरले तर २१ विरुद्ध १७. औषधाचा फायदा दहावरून चारवर आला. आता उलट करा : औषध गटात ८५ आले, १७ स्वच्छ. प्लासिबो गटात 'आपल्याला खडूची गोळी मिळतेय' हे ओळखून लोक कंटाळले, ७० च आले, १४ स्वच्छ. आलेल्यांत दोन्हीकडे २० टक्केच. नियम लावला की १७ विरुद्ध १४. काहीच परिणाम नसताना औषध तीन टक्क्यांनी पुढे!

म्हणून दोन कामं करा. विश्लेषणाच्या आराखड्यात, पहिला रुग्ण घेण्याआधी, किमान दोन-तीन वेगळ्या गृहीतकांनी तोच निकाल काढून पाहण्याचं लिहून ठेवा. निकाल सगळीकडे त्याच दिशेने राहिला तर तो भक्कम. आणि न येण्याचं कारण रकान्यात नोंदवा : प्रवास, काम, अटक, दवाखान्यात भरती, औषधाचा त्रास, संपर्क नाही. 'इतर' असा रकाना ठेवलात तर सगळं तिथेच जाऊन पडतं.

गैरहजेरी मुळात कमी करणं हाच खरा उपाय आहे. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. पैसे येण्याचे द्या, नमुना स्वच्छ येण्याचे नको, नाहीतर तुम्ही नकळत कंटिंजन्सी मॅनेजमेंटच चालवाल आणि औषधाचा परिणाम त्यात बुडून जाईल. संध्याकाळी एक तास केंद्र उघडं ठेवा. मेथवर रात्रभर जागलेला माणूस सकाळी नऊला येत नाही. संपर्कासाठी एक नव्हे, तीन माणसांचे क्रमांक घ्या, आणि त्यांना फोनवर काय सांगायचं नाही हेही आधीच रुग्णाशी ठरवून घ्या.

प्रश्न : व्यसनी माणसाला मेथ टोचून त्यावर औषध तपासतात, असं ऐकलं. हे खरं आहे का? यात माणुसकी कुठे आहे?

खरं आहे, पण अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आणि फार थोड्या लोकांवर. औषध सुरू असताना माणूस मेथ घेणारच, हे गृहीत धरावं लागतं. दोन्ही एकत्र आल्यावर रक्तदाब भलताच चढला तर? ते घरी, एकटं असताना कळण्यापेक्षा रुग्णालयात, हृदयाचा आलेख चालू असताना कळलेलं बरं. बुप्रोपियनच्या बाबतीत असंच झालं : औषध सुरू करण्याआधी आणि मग ते सुरू असताना, शिरेतून १५ आणि ३० मिलिग्रॅम मेथ देऊन नाडी, रक्तदाब आणि 'हवंसं वाटणं' किती ते मोजलं. ते एकत्र सुरक्षित दिसल्यावरच पुढच्या चाचण्यांना वाट मिळाली.

यात फक्त आधीपासून मेथ घेणारे आणि त्या वेळी उपचार मागत नसलेलेच लोक घेतात. जो सोडायचं म्हणून दारात आला आहे, त्याला मेथ देणं कुठल्याही नीतिसमितीत बसत नाही. रक्तदाबाची आधी लिहून ठेवलेली रेषा ओलांडली की पुढचा डोस रद्द. 'थोडं थांबून बघू' असं करायचं नाही.

प्रश्न : परिचारिका आहे. नाल्ट्रेक्सोनचं ते महिनाभराचं इंजेक्शन चाचणीत देण्याआधी काय पाहावं? आमच्याकडे दोनदा सुई बुजली.

सगळ्यात आधी अफूवर्गीय औषध अंगात नाही याची खात्री. शेवटचा डोस होऊन किमान ७ ते १० दिवस, मेथाडोनसारख्या लांब चालणाऱ्या औषधांना आणखी जास्त. नुसतं 'हेरॉइन घेता का' असं विचारू नका. खोकल्याचं कोडीनचं औषध, दातदुखीची ट्रामाडोल, कंबरेवरचा पॅच, एकेक नाव घेऊन विचारा. पट्टीवर फेंटानिल आणि ट्रामाडोल बहुतेकदा दिसत नाही, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. शंका असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी नालोक्सोन देऊन पाहतात. अंगात अफू असेल तर त्याने होणारा त्रास थोड्या वेळात ओसरतो. हे इंजेक्शन एकदा आत गेलं की परत काढता येत नाही आणि अंगात अफू असेल तर उलट्या, जुलाब, तडफड दिवसेंदिवस चालू राहते.

सुई बुजण्याची कारणं बहुधा दोन. बाटली फ्रिजमधून काढून लगेच मिसळली, किंवा मिसळल्यावर वेळ गेला. औषध २ ते ८ अंशांत ठेवतात. वापरण्यापूर्वी साधारण ४५ मिनिटं बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ३.४ मिलिलिटर द्रावक घालून पूर्ण मिनिटभर जोरात हलवा, हळुवार फिरवू नका. दुधासारखं एकजीव दिसलं, काचेला गोळे चिकटलेले नाहीत, की ४.२ मिलिलिटर ओढा, हवा काढून ४ मिलिलिटर ठेवा आणि लगेच द्या. सुई बदलायची ती पेटीतलीच, दीड किंवा दोन इंची, माणसाच्या अंगयष्टीप्रमाणे. मध्येच बुजली तर दाब वाढवू नका. सुई बाहेर काढा, नवी लावा आणि त्याच बाजूला शेजारी टोचा. जागा फक्त नितंबाचा स्नायू, चरबीत नको. चरबीत गेलं की गाठ, जखम, कधी शस्त्रक्रियाही. पुढच्या वेळी दुसरी बाजू.

चाचणीत प्लासिबोही असाच दुधाळ दिसला पाहिजे. बाटली मिसळणारा आणि रुग्णाशी बोलणारा माणूस वेगळा ठेवता आला तर ठेवाच. आणि रुग्णाच्या पाकिटात एक कार्ड हवं. अपघात झाला तर नेहमीची अफूवर्गीय वेदनाशामकं नीट लागू पडणार नाहीत, हे तिथल्या डॉक्टरांना कळायला हवं.

प्रश्न : घरी नेलेल्या गोळ्या लोक खरंच घेतात, हे कशावरून?

बऱ्याचदा घेत नाहीत. मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या औषधाची गोष्ट बोलकी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत ६० समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना १२ आठवडे रोज ३० मिलिग्रॅम किंवा प्लासिबो दिलं. निकाल २०११ चा. औषध गटात पॉझिटिव्ह नमुने ७३ टक्क्यांवरून ४४ वर आले, प्लासिबोत ६७ वरून ६३. आणि डबीच्या झाकणातल्या चिपने सांगितलं, की गोळ्या निम्म्याहून कमी दिवशीच घेतल्या गेल्या! २०२० मध्ये १२० जणांवर, २४ आठवडे, पुन्हा तपासलं, तेव्हाही मेथचा वापर घटला आणि गोळ्या घेणं तसंच ढिलं राहिलं. नीट घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न तिथे उघडाच राहतो.

गोळ्या परत आणून मोजणं हा सगळ्यात कच्चा मार्ग, कारण येण्याआधी गटारात टाकता येतात. चिपची डबी उघडल्याची वेळ सांगते, गिळल्याची नाही. कॅप्सूलमध्ये रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) मिसळलं तर लघवी अतिनील दिव्याखाली चमकते, पण जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्याचीही चमकते. फोनवर गोळी घेतानाचा व्हिडिओ करायला लावणं बरं चालतं. रक्तात औषधाची पातळी पाहणं सगळ्यात खात्रीचं, फक्त ते शेवटच्या एक-दोन दिवसांचंच सांगतं.

प्रश्न : मेथच्या जागी डॉक्टरांनीच उत्तेजक औषध द्यायचं, हा प्रकार तपासला आहे का?

हो. ऑस्ट्रेलियात १६४ जणांना लिसडेक्सॲम्फेटामाइन २५० मिलिग्रॅमपर्यंत दिलं. एरवी या औषधाची कमाल मात्रा ७० आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत वापराचे दिवस घटले, पण ज्या शेवटच्या आठवड्यांवर मुख्य निकाल ठरवला होता तिथे फरक ठामपणे दिसला नाही. अशा चाचणीत लघवीत ॲम्फेटामाइन सापडणारच, ते औषधातूनच येतं. म्हणून मेथॲम्फेटामाइन स्वतंत्र मोजावं लागतं. साधी ॲम्फेटामाइनची पट्टी इथे निरुपयोगी.

प्रश्न : नवऱ्याला एका चाचणीत घेणार आहेत. त्याला प्लासिबो मिळालं तर महिने वाया जाणार. आणि नशेत असताना घेतलेल्या सहीला अर्थ काय?

नशेत घेतलेल्या सहीला अर्थ नाही, आणि चांगली टीम ती घेतही नाही. शुद्धीवर, झोप झालेली असताना, पत्रक वाचून झाल्यावर त्याला त्यातलेच काही प्रश्न विचारतात : मला कोणती गोळी मिळेल हे कोण ठरवणार? मधेच सोडता येईल का? उत्तरं चुकली तर सही दुसऱ्या दिवशी.

प्लासिबो मिळालं तरी दर आठवड्याचं समुपदेशन, तपासण्या आणि डॉक्टरांचं लक्ष त्याला मिळायला हवं. ते लेखी आहे का, हे विचारा. चाचणीच्या टीमबाहेरचं एक स्वतंत्र मंडळ मध्येमध्ये आकडे पाहतं आणि धोका दिसला तर थांबवतं. फिनलंडमध्ये शिरेतून ॲम्फेटामाइन घेणाऱ्या ५३ जणांवरच्या चाचणीत, जिचा निकाल २००७ मध्ये आला, ॲरिपिप्राझोल घेणाऱ्यांचे नमुने प्लासिबोपेक्षाही वाईट निघाले तेव्हा चाचणी मुदतीआधीच थांबवली होती. म्हणजे औषधाच्या गटात चिठ्ठी निघणं हे दर वेळी नशीबच असतं, असं नाही.

सही करण्याआधी एवढं विचारून घ्या : रात्री-अपरात्री फोन करायचा क्रमांक कोणता, तातडीच्या वेळी कोणती गोळी होती हे किती वेळात उघड करता येतं, आणि चाचणी संपल्यावर गोळी एकदम बंद होणार की हळूहळू.

प्रश्न : चाचणीची वाट न पाहता बुप्रोपियन मेडिकलमधून आणून सुरू करू का?

करू नका. ४०० मिलिग्रॅमच्या आसपास बुप्रोपियनने हजारात साधारण चार जणांना फिट येते. मेथ घेणारा, चार रात्री न झोपलेला, दारू अचानक सोडलेला माणूस असेल तर धोका आणखी वाढतो. पूर्वी फिट आलेली असेल, किंवा भूक मारून घेण्याचा वा खाऊन ओकण्याचा आजार असेल, तर हे औषध द्यायचंच नसतं. शिवाय एकट्या बुप्रोपियनने मोठ्या चाचण्यांत एकूण गटात फरक दाखवलेला नाही. मनोविकारतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना या गोष्टी कागदावर लिहून न्या : गेल्या ३० दिवसांत मेथ किती दिवस घेतलं, शेवटचं केव्हा, ओढून की शिरेतून, सोबत दारू किंवा अफूवर्गीय काही होतं का, किती तास झोप झाली, छातीत कधी दुखलं का, संशयाचे भास झाले का, आणि घरात सध्या कोणकोणत्या गोळ्या आहेत. शक्य असेल तर त्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या.